उभं म्हणजे एक, बसलं म्हणजे शून्य

हॅलो?

हो, मीच बोलतेय. घरात दुसरं आहे कोण, पायाला प्लॅस्टर बांधून बसलेलं?... ताई, जरा मोठ्याने बोल ना. कुजबुजतेस कशाला?... वर्गाबाहेर उभी आहेस? अगं मग आत जा की! तास सुरू झाला असेल एव्हाना... काय गेली? वीज?... सगळ्या शाळेची?... आजच जायचं होतं तिला? आजच?

धाकटीने हातातली विणकामाची सुई खाली ठेवली. प्लॅस्टरच्या आत खाज सुटली की खुपसायला ही सुई ताईनेच आणून दिली होती, आणि देताना चाकांच्या खुर्चीवर उभं राहून वायरी जोडताना पडणाऱ्या शहाण्या माणसांबद्दल दोन शब्द सुनावायलाही ती विसरली नव्हती. दोघी बहिणी एकाच शाळेत. ताई शिवण शिकवायची, धाकटी संगणक. आज नववीच्या तासाला धाकटीच्या जागी ताई गेली होती, आणि तो तास बघायला मोठ्या बाई येणार होत्या. मुख्याध्यापिकांना सगळी शाळा मोठ्या बाईच म्हणायची. त्यांचं मत असं की संगणकाचा तास म्हणजे पोरांनी पंख्याखाली बसून खेळ खेळायचा तास. आज एकदा बघते आणि ठरवते, म्हणाल्या होत्या. नाही पटलं तर पुढच्या वर्षापासून तो तास व्याकरणाला आणि ती खोली मोडक्या बाकांना.

पुस्तकं वाचत बसवतेस? खबरदार!... अगं ऐक ना. ताई, ऐक. मोठ्या बाई आल्या आणि पोरं बंद पडद्यांसमोर पुस्तकं उघडून बसलेली दिसली, की संपलं. त्यांना तेवढंच निमित्त हवंय... हो, हो, तुला येत नाही, माहितेय मला. तुला मोबाईलवर फोटो पाठवायला माझी मदत लागते, तेही माहितेय... पण यात यंत्र लागतच नाही!... शप्पथ. वीज पण नको. तू आहेस, पोरं आहेत, फळा आहे, बास झालं.

तू फ्रॉक कसा शिकवतेस? आधी काय?... मापं. मग?... कागद कापायचा. मग कापड, मग कात्री, मग टाके. आणि क्रम चुकला तर?... हां! बाही पाठीवर येते. मग तेच तर! ठरलेल्या क्रमाने, एकेक पायरी, कुणालाही कळेल अशी, आणि कुठेतरी संपणारी. त्यालाच आम्ही अल्गोरिदम म्हणतो... नाव जड आहे, मान्य. नाव ठेवताना मला विचारलं नव्हतं कुणी. जा आत. आणि फोन ठेवू नकोस, मी आहे.

दार उघडल्याचा आवाज आला, पाठोपाठ नववीचा. नववीचा आवाज लांबूनही ओळखू येतो. धाकटीला तो ऐकून एकदम भरून आलं. महिनाभर घरी बसून तिला कंटाळा आला होता म्हणून नव्हे, तर हीच पोरं आपल्याला हवीत आणि हाच तास हवा, हे तिला त्या गोंगाटात नव्याने कळलं.

काय म्हणताहेत?... 'बाई, सुई-दोरा आणू का' म्हणाला कुणीतरी? हसू दे, हसू दे. आता त्यांना सांग, संगणक म्हणजे तू... तू गं तू! दारात उभी राहा. पोरांनी तुला खिडकीपर्यंत न्यायचं. ती सांगतील तेवढंच करायचं, एक अक्षर जास्त नाही. अक्कल अजिबात वापरायची नाही... टोमणा नाही गं! नियम आहे तो! संगणकाला अक्कल नसते. त्याला वाटतं-बिटतं काही नाही, सांगितलं तेवढं तो करतो, फक्त फार भराभर करतो... तू हळू कर.

मग काही क्षण नुसत्या सूचना ऐकू आल्या, एकावर एक. मग 'धप्'. मग सगळा वर्ग खिदळला.

काय आपटलं?... तू? बाकावर?... अगं थांबायचं नाही का!... हो, बरोबर आहे. थांबा म्हणाले नव्हते, 'सहा पावलं' म्हणाले होते. ताई, तू तर फारच उत्तम संगणक निघालीस. लागलं का?... मग विचार त्यांना, चूक कुणाची? बाकाची? तुझी?... शाबास, कोण म्हणालं ते?... चष्मिस. वाटलंच मला. तिला सांग, सांगणाऱ्याच्या त्या चुकीला बग म्हणायचं, किडा. बाक आला तर वळा, एवढं एक वाक्य राहिलं की किडा शिरला... हो, आमच्या धंद्यात अर्धा दिवस किडे वेचण्यातच जातो. तुमच्यात उसवण्यात जातो ना, तसाच.

आता बाक भिंतीला लावून घे सगळे. मधली जागा मोकळी... हो, ओढू देत, होऊ दे आवाज. आता पाच जणांना ओळीत बसव, खुर्च्यांवर. पाच कागद दे. अगदी उजवीकडच्याला एक, त्याच्या शेजारी दोन, मग चार, मग आठ, मग सोळा. दर वेळी दुप्पट... लिहिलंस? आता नियम. जो उभा त्याचा आकडा धरायचा, जो बसला त्याचा सोडायचा. उभं म्हणजे एक, बसलं म्हणजे शून्य. मधलं काही नाही. अर्धवट उठून वाकलेलं चालणार नाही, तसं आधीच बजाव, नववी आहे ती... संगणकाच्या पोटात एवढंच असतं गं. उभं नाहीतर बसलेलं. फोटो, गाणी, तुझ्या त्या भरतकामाच्या चित्रफिती, सगळं शेवटी तेवढ्यावरच.

खोटं नाही! त्यांना म्हणावं, एक आकडा ठरवा आणि मला दाखवा... म्हणजे तू सांग ना मला, कोण उभं, कोण बसलेलं. डावीकडून. सोळावाला?... बसला. आठवाली?... उभी. चारवाला?... उभा. दोनवाली बसली... आणि एकवाला उभा. थांब. आठ आणि चार बारा, आणि एक... तेरा! बरोबर?... ओरडले ना? ऐकू आलं मला. पण तेराच का?... तुझ्या बाहीला टोचलेल्या टाचण्या मोजल्या? कार्टी!

धाकटी एकटीच घरात मोठ्याने हसली. पाच पोरांच्या उठण्या-बसण्यातून एक आकडा शाळेतून निघाला आणि तिच्या खोलीत येऊन पोचला, याचं तिला इतक्या वर्षांनंतरही अप्रूप वाटत होतं. पण ते अप्रूप पुरतं ओसरायच्या आत फोनमधून एक आवाज आला. लोखंडी पायांची जड खुर्ची फरशीवरून ओढली की जो येतो तो, दात शिवशिवणारा. तसली खुर्ची शाळेत एकच होती.

आल्या?... ताई, आल्या त्या?... शिपाईकाकांनी खुर्ची कुठे ठेवली?... मध्ये? बरोब्बर मध्ये?... अगं तिथे तर पोरं... बरं, राहू दे, राहू दे. आता त्या बसल्या म्हणजे उठायच्या नाहीत. गुडघे धरलेत ना त्यांचे, पाहुण्यांच्या भाषणाला पण बसून असतात... घाबरू नकोस. तू घाबरलीस की पोरांना लगेच वास येतो... हो, पुढचं सांगते. फळ्यावर लिही. मोठ्या अक्षरात. 'पाच पावलं पुढे. उजवीकडे वळा. हे परत करा.' अर्धी पोरं संगणक, ती रांगेत चालणार. दर फेरीला फळा बघायचा आणि फळ्यावर आहे तेवढंच करायचं. उरलेली अर्धी फळ्यापाशी, ती सांगणारी. याला लूप म्हणतात, सांग त्यांना... हात मोकळे नाहीत? एका हाताने लिही... बरं, बरं, ठेव कुठेतरी, पण मला ऐकू येऊ दे... आता आवाज विहिरीतून आल्यासारखा येतोय गं. हां, चालेल.

धाकटीने त्या विहिरीकडे फारसं लक्ष दिलं नाही, आणि तिथेच ती फसली.

चालायला लागली?... पावलं ऐकू येताहेत. वा, काय एकसाथ! कशी दिसताहेत?... चौकोनात? मोठ्या बाईंच्या खुर्चीभोवती?... हो, बरोबर, पाच पावलं आणि वळण, चौकोनच होणार. छान... एक फेरी झाली ना? आता थांबव... थांबत नाहीत?... 'थांबा' म्हण ना!... म्हणालीस. मग?... काय म्हणतात?... 'बाई, फळ्यावर थांबा नाही.'

अगं ताई... अगं, मी तुला सांगायला विसरले. कधी थांबायचं तेच लिहिलं नाही आपण! कुठेतरी संपणारी, म्हणाले होते ना मी तुला मघाशी? आणि मीच... हा माझाच किडा, ताई. शंभर टक्के माझा. चालतच राहतील ती... न संपणारा लूप. अगं नववीला असलं सापडलं म्हणजे दिवाळं निघालं समज. मोठ्या बाई काय करताहेत?... बघताहेत. नुसत्या?... अरे देवा.

धाकटीने कपाळाला हात लावला. खोलीच्या मधोमध मोठ्या बाई, आणि त्यांच्याभोवती गंभीर चेहऱ्याने फेऱ्या घालणारी नववी, हे चित्र तिला डोळे मिटूनही दिसत होतं आणि उघडूनही.

नाही, ओरडू नकोस. चिडूही नकोस, ती नियमानेच वागताहेत, अगदी शहाण्यासारखी. ऐक, मोजणी लावू. तुझा बटणांचा डबा आहे ना?... हो, शिवणाचाच. एक रिकामी डबी घे, तिला नाव दे, 'फेरी'. दर फेरीला तिच्यात एक बटण टाकायचं. डबीत काय आहे ते बदलत राहतं, नाव तेच राहतं. व्हेरिएबल म्हणायचं तिला. आणि फळ्यावर लिही, 'फेरी पाच झाल्यावर थांबा'... हं, उघड डबा... काय झालं? काय सांडलं?... सगळी?... बटणं सगळ्या खोलीभर?... आणि पोरं?... त्यांच्यावरूनच चालताहेत? अगं पडतील ना!... हो. 'बटण आलं तर पाय जपून' असं फळ्यावर नाही. माहितेय मला. पाय घासत चालायला सांग तरी!... ऐकत नाहीत. फळ्यावर नाही. हो, हो.

मग फळ्यावर घाला! ती सांगणारी पोरं काय करताहेत? त्यांचं काम ना ते? फळा बदलला की चालणारी पुढच्या फेरीला बदलणार, त्यांना फक्त फळा कळतो... लिहिताहेत? कोण, चष्मिस? चला, सुटलो. तिने लिहिलं म्हणजे नीटच लिहिणार. काय अट घातली तिने? वाच.

धाकटीने वाचलेलं ऐकलं, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

'मोठ्या बाई हसल्या तर थांबा'?... मोठ्या बाई? हसल्या तर?... ताई, पुसून टाक! आत्ताच्या आत्ता... अगं अट म्हणून बरोबर आहे, उत्तम आहे, हो किंवा नाही असंच उत्तर येणार तिचं. पण ते नेहमी 'नाही'च येणार ना! पोरं चालत चालत दहावीत जातील! त्या बाईंना हसताना पाहिलंय कुणी? सकाळी चेहऱ्याला इस्त्री करून येतात त्या, संध्याकाळपर्यंत एक सुरकुती पडत नाही!... नाटकात काय झालं होतं, आठव ना. राजाची मिशी निघाली आणि राणीच्या गालाला चिकटली. सगळी शाळा लोळत होती, शिपाईकाका भिंत धरून हसत होते, आणि या? या घड्याळ बघत होत्या! बंद होतं ते घड्याळ, तरी बघत होत्या!

ताई?... बोल ना काहीतरी... एवढी गप्प का झालीस?... पुसलंस का?... ताई, फोन कुठे ठेवलायस तू?... टेबलावर. बरं. मग तुला ऐकू कसं... मोठ्या आवाजावर? म्हणजे... म्हणजे सगळ्यांना?... कधीपासून?

फोनमध्ये एवढी शांतता पसरली की पोरांच्या पावलांखाली घरंगळणारी बटणं वेगवेगळी ऐकू यायला लागली. मग दुसराच आवाज आला. बरेच दिवस बंद असलेला पंप सुरू होताना आधी धापा टाकतो, खोकतो आणि मग एकदम सुटतो, तसा. धाकटीने हे हसणं आधी कधी ऐकलं नव्हतं. आणि त्या क्षणी सगळी पावलं जागच्या जागी थांबली.

थांबली?... थांबली! ताई, अट पूर्ण झाली! ऐकलंस? एकसुद्धा पाऊल जास्त नाही!... काय?... कोणाला हवाय फोन?... नको. ताई, नको, मी झोपले म्हणून सांग, प्लीज, मी...

नमस्कार बाई.

हो बाई... बरा आहे पाय... चाकांच्या खुर्चीवर उभी राहिले होते, हो बाई... मुलांना नको म्हणते मी, हो, स्वतःच... ते इस्त्रीचं... ते मी आपलं बहिणीशी बोलताना... नाही बाई. चुकलंच... घड्याळ बंद होतं ते तुम्हाला माहीत होतं?... म्हणजे हसू येऊ नये म्हणून बघत... अच्छा. अच्छा बाई.

धाकटीने ओठ घट्ट आवळले. आता आपण हसलो तर सगळंच मुसळ केरात, हे तिला चांगलं कळत होतं.

खेळ?... हो बाई. खेळच होता, नाही कशाला म्हणू. पण एक बोलू का?... आज वीज नव्हती, यंत्र नव्हतं, मी पण नव्हते. तरी चूक कुठे झाली ते मुलांनी स्वतः हुडकलं आणि स्वतःच सुधारलं. मला तर त्यांना एवढंच शिकवायचं असतं बाई. यंत्रं काय, पुढच्या वर्षी बदलतील. अडलं की रडायचं नाही, कुठलं वाक्य राहून गेलं ते शोधायचं, एवढं आलं की झालं... मोडक्या बाकांना दुसरी खोली मिळेल. मला हा तास फार आवडतो बाई. दुसरं काही मागत नाही, एवढा राहू द्या... हो बाई. विचार करून सांगा. हो. ठेवते... नाही, ठेवू नका, ताईकडे द्या.

ताई, आता तरी कानाला लाव गं बाई!... लावलास? नक्की?... विचार करून सांगते म्हणाल्या. म्हणजे काय? तुला काय वाटतं?... चार्जिंग संपत आलंय? आता? मघाशी लावता येत नव्हता का... बरं, वीजच नाही, कुठे लावणार, हो. मग पटकन सांग, चेहरा कसा आहे त्यांचा? परत इस्त्री?... कोण बोलतंय मागे?... चष्मिस? काय म्हणतेय ती त्यांना?

धाकटी ऐकत राहिली. ताई एकेक वाक्य सांगत होती, आणि धाकटी ते तसंच परत म्हणत होती.

'बाई, विचार करते हे उत्तर नियमात बसत नाही'?... असं म्हणाली? मोठ्या बाईंना? तोंडावर?... 'एक नाहीतर शून्य. तास राहणार असेल तर उभ्या राहा, नसेल तर बसून राहा.' अगं ही पोरगी मला घरी बसवणार कायमची!... मग? त्या काय म्हणाल्या?... काहीच नाही? बसल्या आहेत?... अजून बसल्याच आहेत?

बरं. राहू दे. त्यांचे गुडघे दुखतात गं, पोरांना कळत नाही... ताई, सांग तिला, आग्रह नको करू म्हणावं. छान झाला तास. सगळ्यांना म्हणावं, मला फार आवडला... नाही, रडत नाहीये, सर्दी झालीये... पोरं काय करताहेत?... गप्प? नववी गप्प?... हं?... तुझा आवाज तुटतोय गं... काय धरलं? मोठ्या बाईंनी काय धरलं?... खुर्चीचे हात? दोन्ही?... ताई...

आणि मग फोनमधून तो आवाज आला. लोखंडी पायांची जड खुर्ची, फरशीवरून मागे सरकताना दात शिवशिवतात तो. त्याच्यावर लगेच नववीच्या सगळ्या गळ्यांचा असा काही कल्ला उसळला की धाकटीला फोन कानापासून लांब धरावा लागला.

ताई! उभ्या राहिल्या? पूर्ण उभ्या? अर्धवट वाकलेलं धरायचं नाही हं!... ताई, एक ना? एकच ना गं?... हॅलो?... हॅलो!

फोन बंद पडला होता. धाकटी तो तसाच कानाला लावून एका पायावर, टेबलाची कड धरून उभी होती. आपण कधी उठलो ते तिचं तिलाही कळलं नव्हतं.